तारेचे तीन पीळ

धाकटी बहीण रविवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात तिचे रबरी हातमोजे होते. कोपरापर्यंत येणारे, पिवळे, उजव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेले. अकरा वर्षं ती ज्या हॉटेलात भांडी घासते तिथल्या मोरीवरच्या खिळ्याला ते कायम टांगलेले असायचे. ते घरी आले म्हणजे काय झालं हे मला ती बोलायच्या आधीच कळलं, आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

"काढलं," ती म्हणाली.

"कुणी?"

"मालकांनी. वस्तादांच्या सांगण्यावरून."

वस्ताद म्हणजे तिथला मुख्य आचारी. मोठमोठ्या हॉटेलांतून फिरून आलेला, खांद्यावर सदा पांढरा पंचा, आणि बोलणं असं की समोरच्यानं हातातलं काम टाकून ऐकावं. मी तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. पाणी देताना पेला मेजावर आपटला. धाकटी नुसती बघत राहिली. माझा राग तिला लहानपणापासून पाठ आहे.

झालं होतं ते असं. शनिवारी दुपारी ऐन जेवणाच्या गर्दीत स्वयंपाकघरातल्या जमिनीच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं. काळपट, आंबूस, वर तवंग. बघता बघता घोट्यापर्यंत झालं, आणि मग दाराखालून बाहेर, जिथे लोक जेवत बसले होते तिथे. लोकांनी आधी पाय वर घेतले, मग बायकामुलांना घेऊन उठून गेले. मालकानं पळापळ करून प्लंबर आणला. त्यानं बाहेरच्या पाइपात स्प्रिंग घातली आणि मुठीएवढे चरबीचे पांढरे गोळे ओढून काढले. गोळ्यांत अन्नाचे कण अडकलेले. ते बघून वस्ताद म्हणाला, "भांडेवाली ताटं खरवडत नाही. उष्टं, तेल, सगळं तसंच मोरीत सोडते. मी कधीपासून सांगतोय." झालं. मालकानं चौदा माणसांसमोर तिला सांगितलं की आता यायचं नाही.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मी खरवडते."

"एवढंच?"

"मग अजून काय म्हणायचं? खरवडते तर खरवडते."

आई म्हणायची, एकाच पोटच्या दोघी, पण एकीला देवानं तोंड दिलं आणि दुसरीला नुसते कान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकावर, वस्तादावर, त्या चौदा जणांवर आणि खरं सांगायचं तर धाकटीवरही. अकरा वर्षं ज्या माणसांची उष्टी काढली त्यांच्यासमोर एक वाक्य बोलून ही हातमोजे घेऊन निघून आली. मी असते तर त्या पाण्यात वस्तादाला बसवून मग निघाले असते.

हा नुसता नोकरीचा प्रश्न नव्हता. स्वयंपाकघरांचं जग लहान असतं. आचारी एकमेकांना ओळखतात, भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे या दारातून त्या दारात बातम्या नेतात. "ती का, जिनं पाइप तुंबवला ती" असं एकदा नावाला चिकटलं की त्रेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या मोरीशी कुणी उभं करत नाही. आणि धाकटीला दुसरं काम येत नव्हतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे. मी ग्रीस ट्रॅप साफ करते. हॉटेलात जेवणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही हा शब्द माहीत नसतो, आणि हॉटेल चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत असून नको असतो. मोरीच्या खाली जमिनीत एक लोखंडी पेटी बसवलेली असते. भांड्यांचं पाणी एका बाजूनं आत येतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेरच्या पाइपात जातं. मध्ये दोन खाचांत उभी सरकवलेली स्टीलची प्लेट असते, तिच्या खाली वीतभर फट. तेल आणि चरबी हलकी, ती वर तरंगते आणि प्लेटीला अडून राहते. गाळ तळाला बसतो. मधलं पाणी तेवढं फटीतून निघून जातं. एवढीच अक्कल आहे त्यात, पण ती आहे म्हणून रस्ते तुंबत नाहीत. ही पेटी वेळेवर उपसली नाही तर काय होतं हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. लोक मला गाळवाली म्हणतात. मी आले की नाकाला रुमाल लावतात, जणू काही तो वास मी घरून आणलाय, त्यांच्या ताटातून आलेला नाही.

माझी एक पद्धत आहे. झाकण उघडलं की आधी काठी बुडवायची. काठीवर वरच्या थराची खूण उमटते, ती बोटांनी मोजायची. दोन बोटं, तीन बोटं, जे असेल ते भिंतीवरच्या कार्डावर लिहायचं. मग चरबी काढून पिंपात, गाळ काढून पिंपात, पेटीच्या भिंती खरवडायच्या. मधली प्लेट काढून मागच्या अंगणात नळाखाली घासायची, परत आणून खाचेत बसवायची, पेटी थंड पाण्यानं भरायची आणि झाकण लावायचं. शेवटी झाकणाच्या कडीतून माझी तांब्याची तार ओवायची, तीन पीळ द्यायचे आणि टोक डावीकडे वळवायचं. मागे एका ठिकाणी कुणीतरी झाकण उघडून पोतेरं आत कोंबलं होतं आणि बोल मला लागला. तेव्हापासून तार. माझा पीळ कुणाला जमत नाही. धाकटी हसून म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही ती तूच.

धाकटीच्या हॉटेलातला ट्रॅपही माझ्याकडेच होता. दर दोन आठवड्यांनी सोमवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर. कार्डावर कायम चार बोटं, कधी पाच. त्यामुळे रविवारी तिचं ऐकता ऐकता माझ्या डोक्यात हिशोब जुळला. चरबीचे गोळे निघाले ते बाहेरच्या पाइपात, म्हणजे ट्रॅपच्या पुढे. मोरीतून गेलेली चरबी माझ्या ट्रॅपमध्ये अडते. मग पुढे गेली ती कुठून? मागच्या अंगणातल्या गटारातून. ते गटार ट्रॅपला वळसा घालून थेट बाहेरच्या पाइपाला मिळतं. आणि तळणीचं जळकं तेल डब्यांत भरून ठेवायचं सोडून अंगणात ओतणारा माणूस एकच, ज्याला कुणी जाब विचारत नाही तो.

"वस्ताद," मी म्हटलं. "त्यानंच ओतलं. आणि नाव तुझं. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"तू बघितलंस का ओतताना?"

"बघायला कशाला लागतं? उद्या सोमवार आहे, माझी पाळी आहे. तू चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर झाकण उघडते. आत चार बोटं थर निघाला की सिद्धच झालं ना. मोरीतलं सगळं ट्रॅपमध्ये अडलंय, बाहेरचं तुझं नाही."

धाकटीनं हातमोजे मांडीवर सरळ केले. "ताई, राहू दे."

"राहू दे, राहू दे म्हणूनच लोक तुझ्या डोक्यावर बसतात."

सोमवारी तीन वाजता मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. दुपारची जेवणं संपली होती. शेगड्या बंद, जमीन ओली, फिनेलचा वास. धाकटीच्या मोरीशी भाजी चिरणारी बाई भांडी घासत होती. धाकटीला बघून तिनं मान खाली घातली आणि तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मालक कोपऱ्यात फोनवर होता. त्याचे बूट नवे होते, म्हणून तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उभा होता. वस्ताद ओट्याशी सुरीला धार लावत होता.

मी बादली जमिनीवर ठेवली. हळू ठेवायची होती, ठेवली गेली नाही.

"मालक, फोन ठेवा. वस्ताद, तुम्हीही इकडे या."

"काय झालं बाई?" मालक म्हणाला. मग धाकटी दिसली आणि त्याचा चेहरा बदलला. "हिला कशाला आणलंत? तो विषय संपलाय."

"तुमचा संपला असेल. माझ्या बहिणीला तुम्ही चौदा माणसांसमोर घाण म्हणालात. मी ते चौदाच्या चौदांसमोर परत घ्यायला लावणार आहे."

मी सगळं बोलले. पाइप कुठून कुठे जातो, ट्रॅप काय अडवतो, अंगणातलं गटार कुठे मिळतं. आवाज चढत गेला तशी वाढपी मंडळी दाराशी येऊन उभी राहिली. शेवटी मी वस्तादाकडे बोट दाखवून म्हटलं, "तळणीचं तेल अंगणात कोण ओततं ते यांना विचारा. आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायला माझी बहीण सापडली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं चाललंय इथे."

वस्तादानं सुरी खाली ठेवली. "बाई, तोंड सांभाळा. मी एक थेंब ओतलेला नाही."

"आत्ता कळेल."

मी जमिनीवर गुडघे टेकले. झाकणाच्या कडीतली तार पुसून वर धरली, म्हणजे सगळ्यांना दिसावी. "बघा. तीन पीळ, टोक डावीकडे. दोन आठवड्यांपूर्वी मी बंद केलंय, त्यानंतर या झाकणाला कुणाचाही हात लागलेला नाही. मालक, नीट बघा. नंतर म्हणाल, हिनंच काहीतरी केलं."

मालकानं पुठ्ठ्यावरूनच वाकून बघितलं. "दिसलं. पुढे?"

"वस्ताद, तुम्हाला दिसलं?"

"दिसलं."

मी तार कापली, बोल्ट सैल केले, पहार घालून झाकण उचललं आणि काठी बुडवली. माझ्या मनात तेव्हा वस्तादाचा चेहराच होता, तो कसा पडेल तो. काठी वर काढली आणि उजेडात धरली.

एक बोट. पुरतं एक बोटही नव्हतं.

मी दुसऱ्या कोपऱ्यात बुडवली. तेच. चार बोटांच्या जागी एक. अकरा दिवस गर्दीचे, तीन दिवस त्याहून गर्दीचे, आणि चरबी एक बोट. असं होतच नाही.

वस्ताद हसला. "अहो, हा तर चकाचक आहे. एवढा स्वच्छ ट्रॅप असताना तुम्हाला बोलावतो तरी कशाला आम्ही?"

"म्हणजे ट्रॅप ठीक आहे," मालक म्हणाला. "मग मी तेच म्हणतोय ना. हिनंच काहीतरी सोडलं असणार."

दोघांनाही काही कळलं नव्हतं. ट्रॅप इतका रिकामा असणं हीच वाईट बातमी असते, हे त्या खोलीत फक्त माझ्या कामातल्या माणसाला कळणार होतं. चरबी आली नाही असं नाही. आली आणि थांबली नाही. मी विजेरी घेतली आणि आत धरली. पेटीच्या दोन्ही भिंतींवर दोन उभ्या खाचा असतात. दोन्ही मोकळ्या होत्या.

प्लेट नव्हती.

गुडघ्यावर बसल्या बसल्या मला दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार आठवला. म्हणजे आठवायला लागला नाही, तो तिथेच होता, मीच त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मी अंगणात नळाखाली प्लेट घासत होते. धाकटी उष्ट्याची बादली घेऊन बाहेर आली. बादली ठेवली, हातमोजे काढले, हात दाखवले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. म्हणाली, "ताई, मला तुझ्याबरोबर घे ना. मला शिकव हे काम." मी म्हटलं, हे तुझ्याच्यानं होणार नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू, इथे एक गोष्ट विसरली की सगळं मातीत. ती म्हणाली, "शिकवलंस तर नाही विसरणार." आणि मी म्हटलं, "शिकवायला समोरच्याला डोकं लागतं."

तिचा चेहरा मी बघितला होता. ती बादली उचलून आत गेली. मला राग आला. तिनं मला असं बोलायला लावलं म्हणून तिचाच राग आला. हातातली प्लेट मी भिंतीला टेकवली, ती पाठीमागून काही बोलतेय का म्हणून कान देत आत आले, नळ सोडला, पेटी भरली, आत न बघता झाकण आपटलं आणि तार ओवली. तीन पीळ, टोक डावीकडे. प्लेट अंगणातच राहिली. एक गोष्ट विसरली की सगळं मातीत, हे सांगता सांगता मी ती गोष्ट विसरले.

माझ्याभोवती सगळे उभे होते आणि मी पेटीत बघत होते. कुणी मुद्दाम काढली असं म्हणायची सोय नव्हती, कारण पाच मिनिटांपूर्वी मीच सगळ्यांना तार दाखवून साक्षीदार केलं होतं. पण दुसरं काहीही म्हणायची सोय होती. ट्रॅपमध्ये प्लेट असते हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प राहिले असते, त्यांना बाहेर घालवलं असतं, अंगणातून प्लेट आणून बसवली असती, तर उद्यापासून पाणी सुरळीत गेलं असतं. पुन्हा कधीच तुंबलं नसतं. आणि मग सगळे म्हणाले असते, बघा, भांडेवाली गेली आणि पाइप सुधारला. माझी दुरुस्ती हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला असता.

हा विचार माझ्या मनात आला. आला आणि थोडा वेळ बसला. मला या हॉटेलातले, त्या हॉटेलातले सगळे ट्रॅप आठवले, एकदा ही गोष्ट फुटली तर कोण कोण मला दाराबाहेर उभं करेल ते आठवलं. अख्ख्या जगाला फाडून खायला निघालेली मी, आणि माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता. मान वर केली तर धाकटी माझ्याकडे बघत होती. ती ट्रॅपच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, विजेरीचा उजेड थेट खाचांवर पडला होता. दर दोन आठवड्यांनी तिनं मला ती प्लेट काढताना आणि घालताना बघितलेलं. तिला कळलं होतं. नुसती उभी होती, ओठ किंचित हलत होते.

"प्लेट नाहीये," मी म्हटलं.

"काय नाहीये?" मालक.

"मधली प्लेट. तेल अडवणारी. ती नसेल तर सगळी चरबी पाण्याबरोबर पुढे जाते. दोन आठवडे जात होती. पाइप त्यानं तुंबला." एवढं बोलून मी थांबले असते तरी चाललं असतं. "ती मी बसवायला विसरले. धुवायला अंगणात नेली आणि तिथेच ठेवली. या झाकणाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, ते तुम्ही बघितलंच आहे. हिचा काही दोष नाही. वस्तादांचाही नाही."

वस्ताद अंगणात गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. भिंतीशी भाजीच्या प्लास्टिकच्या पेट्या माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या होत्या. त्यानं एकेक करून बाजूला केल्या. शेवटच्या दोन पेट्यांमागे प्लेट उभी होती. खालच्या कडेला कोळ्यानं जाळं विणलं होतं. वस्तादानं ती दोन बोटांनी उचलली आणि माझ्यासमोर धरली. मग दुसरा हात पलीकडे दाखवला. तिथे तळणीच्या तेलाचे आठ डबे ओळीनं, झाकणं लावून, प्रत्येकावर भरल्याची तारीख.

"मोजा," तो म्हणाला. "एक थेंब कमी असेल तर सांगा."

मला त्या माणसाचा अजूनही राग येत होता. का येत होता ते सांगता येणार नाही. माझ्याकडे रागवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. "चुकले," मी म्हटलं. "तुमच्यावर नाही नाही ते बोलले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर म्हणते. चुकले."

त्यानं मान हलवली आणि आत जायला वळला.

"वस्ताद," धाकटी म्हणाली.

ती आल्यापासून पहिल्यांदा बोलली होती. आवाज मोठा नव्हता, पण तो थांबला.

"ताईनं तुम्हाला म्हटलं. आता तुम्ही मला म्हणा."

वस्तादानं मालकाकडे बघितलं. मालकानं बुटांकडे बघितलं. दाराशी वाढपी, चिरणारी बाई, शेगडीवाला, सगळे उभे होते.

"मला काय माहीत होतं यांची प्लेट..." वस्ताद म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं हेच म्हणतेय मी. माहीत नसताना म्हणालात."

त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, हात पुसले, जे कोरडेच होते. "चुकलं माझं," म्हणाला. "तू ताटं खरवडतेस. मला माहीत होतं."

"उद्यापासून ये," मालक तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाई, आजचं काम पुरं करा. पुढच्या वेळेपासून आम्ही दुसरं कुणी बघतो."



आत येऊन मी ट्रॅप उपसला, खरवडला. धाकटीनं प्लेट घासली. मी न सांगता तिनं ती आणली, विजेरी धरली आणि म्हणाली, "दोन्ही खाचांत बसली का बघ." मी बघितलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघितलं. मग पाणी भरलं, झाकण लावलं. तार ओवायला हात गेला आणि मी तो मागे घेतला. तार खिशातच राहिली.

बाहेर गाडीत बसलो. मागे पिंपं हिंदकळत होती. धाकटीनं हातमोजे मांडीवर ठेवले. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"येतेस का माझ्याबरोबर?" मी विचारलं. "शिकवते."

"आत्ता नको विचारूस. आत्ता तू ओशाळलीयस म्हणून विचारतेयस."

खरं होतं. मी समोरच्या काचेवरचा डाग बोटानं पुसला. तो बाहेरच्या बाजूला होता.

"ताई, झाकण उघडल्यावर तुला बोलायला किती वेळ लागला, माहीत आहे?"

"नाही."

"मी मोजत होते. खाचा दिसल्या तेव्हापासून. एक, दोन, तीन, असं मनात. ठरवलं होतं, पन्नास झाले की मीच सांगायचं."

मी तिच्याकडे बघितलं नाही. "किती झाले होते?"

"सत्तेचाळीस."

फुटपाथवरून एक माणूस नाकाला रुमाल लावून आमच्या गाडीशेजारून गेला. एरवी मी काच खाली करून त्याला चार शब्द ऐकवले असते.

"मग पन्नासपर्यंत तरी कशाला थांबलीस?" मी म्हटलं.

"तू होतीस म्हणून," धाकटी म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर दहाच मोजले असते."